लाल मानेचा फॅलारोप: आधी समुद्रावर, मग विणीच्या प्रदेशात कसा पाहावा

लाल मानेचा फॅलारोप हा जेमतेम १८ सेंटीमीटर लांबीचा आणि साधारण ३५ ग्रॅम वजनाचा पाणथळीचा पक्षी आहे. वर्षातले आठ-नऊ महिने तो खुल्या समुद्रावर तरंगत काढतो आणि उरलेल्या काळात उत्तर ध्रुवाजवळच्या दलदलीत वीण करतो. तो पाहण्यासाठी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून होडीने जाणारे आणि उन्हाळ्यात नॉर्वे किंवा आइसलँड गाठणारे मराठी पक्षीनिरीक्षक आता कमी नाहीत. मात्र बहुतेक जण दोन्ही ठिकाणी एकच पद्धत वापरतात आणि दोन्हीकडे फसतात. समुद्रावर पक्षी शोधण्यापूर्वी पाणी वाचावे लागते, तर विणीच्या जागी शोधाशोध थांबवून एका जागी बसावे लागते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि हा क्रम मोडू नये.

भाग पहिला: अरबी समुद्रावर

१. दिवस आणि वेळ निवडणे

फॅलारोप ऑगस्टच्या अखेरीपासून अरबी समुद्रात येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठल्यानंतरही काही आठवडे समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे व्यवहारात ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळच हाताशी राहतो.

महिन्यापेक्षा दिवसातली वेळ महत्त्वाची आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी तुलनेने शांत असते. सकाळ चढली की खारा वारा सुरू होतो आणि लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस फुटू लागतो. एकदा हा फेस दिसू लागला की १८ सेंटीमीटरचा, पोटाकडून पांढरा पक्षी त्यात हरवतो आणि अनुभवी डोळ्यालाही सापडत नाही. म्हणून उजाडण्यापूर्वी निघावे आणि अकराच्या सुमारास परतीला लागावे.

प्रकाशाचा हिशेबही इथेच करून ठेवावा. पहाटे पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि समोरचे पाणी स्वच्छ दिसते, परतताना मात्र तो डोळ्यांवर येतो. त्यामुळे निरीक्षण जाताना करायचे असते. 'येताना निवांत बघू' असे म्हणणाऱ्यांच्या वह्या कोऱ्या राहतात.

२. होडी ठरवणे

प्रवासी वाहून नेण्याचा परवाना असलेलीच होडी घ्यावी. मासेमारीच्या होडीवर ओळखीने चढून जाण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती धोक्याची आहे आणि तपासणी झाली तर अडचण तांडेलाची (होडीच्या प्रमुख खलाशाची) होते. प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे. जीवरक्षक जॅकेट होडीत असणे पुरेसे नाही, ते अंगावर असले पाहिजे.

तांडेलाशी आदल्या दिवशी बोलावे आणि त्याला तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात. पहिली, आपल्याला मासे किंवा डॉल्फिन नव्हे, तर पाण्यावरचे फेसाचे पट्टे शोधायचे आहेत. दुसरी, सांगितल्यावर इंजिन बंद करून होडी वाहू द्यायची आहे. तिसरी, थवा दिसला तरी त्याच्या अंगावर होडी घालायची नाही. ही तिसरी गोष्ट दोनदा सांगावी, कारण पर्यटकांना डॉल्फिनजवळ नेण्याची सवय झालेला चालक आपुलकीनेच होडी थव्यात घुसवतो.

*तपासून पाहा: बिनतारी संच चालू आहे का, इंधन परतीसाठी पुरेल का, आणि किनाऱ्यावरील कोणाला आपली दिशा व परतण्याची वेळ ठाऊक आहे का.*

३. साहित्य आणि पोट

होडीवर ८ बाय ४२ ची दुर्बीण सर्वांत उपयोगी पडते. दहा पटीच्या दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो, पण होडीचा प्रत्येक हेलकावाही तितकाच मोठा होतो. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) घरी ठेवावा. कॅमेऱ्याचा शटरवेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असावा आणि लेन्स समुद्रावर बदलू नये. परतल्यावर दुर्बीण गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावी, कारण खारट तुषार कोरडे झाल्यावर घासून पुसले की भिंगावर ओरखडे उठतात.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि पोट ढवळण्यापूर्वी घ्यावी, कारण ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. पहाटे उपाशीपोटी निघणे हीसुद्धा चूकच आहे. कोरडी भाकरी किंवा टोस्ट, सोबत आलेपाकाच्या वड्या आणि भरपूर पाणी एवढे पुरते. होडीच्या मध्यभागी बसावे आणि पक्षी शोधत नसताना नजर क्षितिजावर ठेवावी. सलग दहा मिनिटे दुर्बिणीतून पाहिले की पट्टीचा माणूसही आडवा होतो, म्हणून सहकाऱ्यांनी आळीपाळीने पाहावे.

४. पाणी वाचणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

फॅलारोप समुद्रावर समप्रमाणात विखुरलेले नसतात. त्यांचे खाद्य म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाजवळचे अगदी बारीक प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म प्राणी. हे प्लवक जिथे दोन पाणी एकमेकांना भिडतात तिथे साचते, उदाहरणार्थ खाडीतून ओहोटीला बाहेर पडणारे गढूळ पाणी आणि समुद्राचे निळे पाणी यांच्या सीमेवर, किंवा दोन प्रवाहांच्या सांध्यावर. अशा जागी पृष्ठभागावरचे पाणी दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन खाली बुडते आणि तरंगणारे सर्व काही वर अडकून राहते. म्हणून त्या रेषेवर फेस, शेवाळ, लाकडाचे तुकडे, माकुळाचा समुद्रफेस (त्याच्या अंगातले पांढरे, हलके कवच) आणि दुर्दैवाने प्लास्टिकही दिसते. आपल्याला हीच रेषा शोधायची आहे.

रेषा ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पाण्याचा रंग एकाएकी बदलतो. खडबडीत पाण्यात तेलकट वाटावा असा गुळगुळीत, अरुंद पट्टा लांबवर जातो. तिसरी खूण म्हणजे कचऱ्याची सलग ओळ. फेब्रुवारीनंतर काही वेळा भुसा सांडल्यासारखे तपकिरी पट्टेही दिसतात. ते बहुधा तेलगळतीचे नसून ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म जीवाच्या वाढीचे असतात. पक्षी हा जीव खाण्यासाठी तिथे येत नाहीत, पण तो ज्या रेषांवर गोळा होतो त्याच रेषा आपल्याला प्लवकाकडे नेतात, म्हणून असा पट्टा दिसला तर ओलांडून जाऊ नये.

रेषा सापडली की ती आडवी छेदू नये. होडी रेषेला समांतर, शंभरेक मीटर अंतर ठेवून, मंद गतीने न्यावी आणि सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडावी. नजर दूर क्षितिजावर नव्हे, तर होडीपासून पन्नास ते तीनशे मीटर अंतरातल्या पाण्यावर ठेवावी. दूरवर बघण्याच्या हौसेपायी बाजूने तरंगत गेलेला चाळीस पक्ष्यांचा थवा हुकलेला मी स्वतः पाहिला आहे. तो थवा होडीच्या मागे बसलेल्या खलाशाने दाखवला आणि नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) दुर्बिणी रोखून बसलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही तो दिसला नव्हता.

*सूचना: माशांचे अवशेष किंवा तेल पाण्यात टाकून पक्षी बोलावू नयेत. त्याने कुरव आणि स्कुआ हे इतर समुद्रपक्षी येतात, फॅलारोप येत नाहीत. शिवाय फॅलारोप चोचीची भराभर उघडझाप करतो आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे खाद्य असलेला थेंब चोचीतून वर सरकत तोंडापर्यंत पोहोचतो. तेलाने हा ताण बिघडतो, म्हणजे आपण ज्याला पाहायला आलो त्याच्याच तोंडचा घास आपण हिरावतो.*

५. जवळ जाणे

थवा दिसला की लगेच इंजिनाची गती वाढवायची नाही. आधी वारा आणि प्रवाह कोणत्या दिशेचे आहेत ते पाहावे, ते जिकडून येतात त्या बाजूला थव्यापासून दीडशे मीटरवर जावे आणि तिथे इंजिन बंद करून होडी वाहू द्यावी. पक्षी चरत राहिले तर होडी हळूहळू त्यांच्याजवळ पोहोचते. माना ताठ करून ते एकत्र येऊ लागले तर ते उडण्याच्या बेतात आहेत असे समजावे. उडाल्यावर पाठलाग करू नये. बहुतेक वेळा ते त्याच रेषेवर थोडे पुढे उतरतात, आणि पाठलाग करणाऱ्याला फक्त शेपट्यांची छायाचित्रे मिळतात.

६. ओळख पटवणे

पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

अ) पक्षी पाण्यावर बसला आहे का? त्याची बैठक बुचासारखी उंच आणि हलकी असते. तुतारीवर्गातील (सँडपायपर) इतर छोटे पक्षी समुद्रावरून उडत जातात, पण थव्याने पोहत चरत नाहीत. केवळ उडताना दिसलेल्या थव्यावर फॅलारोपचा शिक्का मारू नये.

आ) चोच कशी आहे? ती सुईसारखी बारीक, काळी आणि जवळपास डोक्याएवढी लांब असते.

इ) डोळ्यामागे काळा पट्टा आहे का? हिवाळी पिसाऱ्यात डोके व पोट पांढरे आणि डोळ्यावरून मागे जाणारा काळा डाग ठळक असतो.

ई) पाठ कशी आहे? करड्या पाठीवर फिकट पांढऱ्या रेघा दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमधील पिल्लांची पाठ गडद असून तिच्यावर पिवळसर रेघा असतात. एप्रिलमधल्या काही पक्ष्यांच्या मानेवर लाली चढू लागलेली असते.

पाठ एकसारखी करडी, चोच जाड आणि अंगाने पक्षी थोराड वाटला तर तो लाल फॅलारोप या दुसऱ्या जातीचा असू शकतो. तो भारतात फार क्वचित नोंदला जातो, म्हणून चोच स्पष्ट दिसेल असे छायाचित्र नसताना ती नोंद करू नये. वादळी पाकोळी म्हणून ओळखले जाणारे स्टॉर्म पेट्रेल गडद रंगाचे असतात आणि पाण्यालगत फडफडत फिरतात, त्यांच्याशी गोंधळ होण्याचे कारण नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. फॅलारोप जागच्या जागी गिरकी घेतो आणि त्या भोवऱ्याने खालचे खाद्य वर आणतो हे सर्वांनी वाचलेले असते, त्यामुळे गिरकी न घेणारा पक्षी अनेक जण नाकारतात. समुद्राच्या रेषेवर खाद्य मुळातच वर आलेले असते, म्हणून तिथे तो बहुतेक वेळ नुसता टोचत पोहतो. गिरकी पाहायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखाद्या मिठागरात किंवा उथळ तळ्यात वाट चुकून उतरलेला पक्षी अधिक उपयोगी ठरतो.

७. मोजणी आणि नोंद

बसलेला थवा लाटांआड लपत असल्यामुळे मोजणी नेहमी कमी भरते. आधी दहा पक्षी मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरावी आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते पाहावे. थवा आपणहून उडाला तर छायाचित्र काढून घरी पुन्हा मोजावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर समुद्री निरीक्षणाचा स्वतंत्र प्रकार निवडावा आणि दर तासाला नवी यादी सुरू करावी. पहाटे पाच ते दुपारी एक अशी एकच यादी केली तर पक्षी किनाऱ्यापासून किती आत होते हे कोणालाच कळत नाही.

भाग दुसरा: विणीच्या प्रदेशात

८. जागा निवडण्यापूर्वी

'आपल्या समुद्रावर दिसणारे पक्षी आइसलँडला जातात' असे सर्रास सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड द्वीपसमूहातील फेटलर बेटावर एका पक्ष्याला प्रकाशनोंदक यंत्र (दिवसाच्या उजेडाच्या नोंदींवरून पक्षी कुठे होता हे कळवणारे) बसवले होते. तो अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात हिवाळ्यासाठी गेल्याचे पुढच्या वर्षी उघड झाले. आइसलँडचे पक्षीही त्याच दिशेने जातात. अरबी समुद्रात येणारे पक्षी स्कँडिनेव्हिया आणि रशियाच्या उत्तर भागातले आहेत. कोकणच्या समुद्रात पाहिलेल्या पक्ष्याचे माहेर पाहायचे असेल, तर नॉर्वेच्या ईशान्य टोकाचा वरांगर प्रदेश निवडावा. तिथल्या वाड्सो गावासमोरच्या वाड्सोया या छोट्या बेटावरील तळ्याजवळ फॅलारोप सहज दिसतात. १९२६ मध्ये ध्रुवाकडे निघालेल्या, वायूने भरलेल्या हवाई जहाजासाठी (एअरशिपसाठी) उभारलेला लोखंडी मनोरा त्याच बेटावर आहे, त्यामुळे जागा शोधावी लागत नाही.

पक्षी जवळून पाहणे एवढाच हेतू असेल तर आइसलँडचे मीवात्न सरोवर उत्तम आहे. तिथे पश्चिम किनाऱ्यावरील विणीच्या भागात १५ मे ते २० जुलै या काळात ठरलेल्या वाटा सोडून फिरण्यास मनाई असते. तसेच चिलटांचे ढग इतके असतात की डोक्यावरून घ्यायची जाळी नसेल तर निरीक्षण सोडून पळावे लागते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना फेटलर जवळचे आहे. तिथल्या फनझी दलदलीजवळ निरीक्षणघर आहे. या नावाचा स्थानिक उच्चार 'फिनी' असा आहे, रस्ता विचारताना तोच करावा.

९. तारीख ठरवणे

पक्षी मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीस पोहोचतात. माद्यांची आपसांतली भांडणे आणि नरामागे लागणे पाहायचे असेल तर जूनचा पहिला पंधरवडा योग्य आहे. अंडी जूनमध्ये घातली जातात. ती साधारण चार असतात आणि नर ती सुमारे तीन आठवडे उबवतो. पिल्ले जूनच्या शेवटापासून जुलैपर्यंत दिसतात. अंडी घालून झाल्यावर माद्या थांबत नाहीत, जूनच्या अखेरीपासून त्या समुद्राकडे निघतात. जुलैच्या मध्यावर जाऊन 'सगळे पक्षी फिकेच दिसले' अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

१०. नर कोणता, मादी कोणती

इथे बहुतेकांची वही उलटी लिहिली जाते. फॅलारोपमध्ये मादी आकाराने मोठी आणि रंगाने उठावदार असते. तिचे डोके गडद राखी, गळा पांढरा आणि मानेची बाजू विटकरी लाल असते. नराचे हेच रंग मळल्यासारखे दिसतात. माद्या नरासाठी झगडतात, तर अंडी उबवणे आणि पिल्लांची राखण करणे ही नराची कामे आहेत. 'मादी घरट्यावर बसली होती' अशी नोंद माझ्याही जुन्या वहीत आहे, आणि तिच्याखाली नंतर ओढलेली लाल रेघही आहे.

*तपासून पाहा: दोन पक्षी एकत्र दिसल्याशिवाय लिंग लिहू नका. एकटा फिका पक्षी पाहून अंदाज बांधला की चूक होतेच, कारण काही माद्याही फिक्या असतात.*

११. जाणे आणि बसणे

वाट सोडू नये. घरटे म्हणजे पाण्याजवळच्या गवताच्या झुबक्यातला छोटा खळगा असतो आणि ठिपकेदार अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तळ्याच्या काठापासून पंधरा-वीस मीटरवर वाटेवरच जागा धरून खाली बसावे, उंच उभे राहू नये. त्यानंतर किमान अर्धा तास हालचाल करू नये. फॅलारोप माणसाला फारसा भीत नाही. आपण स्थिर असलो तर तो चरत चरत स्वतःच दोन-तीन मीटरवर येतो. त्याच्याकडे सरकणाऱ्याला मात्र तो कायम तेवढेच अंतर राखून दाखवतो.

पहाटे उठण्याचा नियम इथे लागू नाही. वरांगरमध्ये मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री दहा ते दोन या वेळेतला तिरपा प्रकाश सर्वांत चांगला मिळतो आणि तळ्यावर माणसेही नसतात. बसून राहायचे असल्याने कपडे चालताना लागतील त्यापेक्षा दोन थर जास्त घालावेत. ओल्या जमिनीवर अंथरायला जाड रबरी पट्टी आणि उंच रबरी बूट लागतात. इथे स्पॉटिंग स्कोप अवश्य न्यावा. शेजारी आर्क्टिक सुरयांची (टर्न पक्ष्यांची) वसाहत असेल तर टोपी घालावी, कारण त्या थेट डोक्यावर चोच मारतात.

१२. केव्हा मागे फिरावे

फॅलारोपचा बिनधास्तपणा फसवा असतो. पक्षी उडून गेला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही असे नव्हे. नर किट्-किट् असा बारीक आवाज करत आपल्याभोवती घिरट्या घालू लागला, किंवा काही सेकंद चरून पुन्हा उडत राहिला, तर घरटे अथवा पिल्ले जवळच आहेत. अशा वेळी शोध घेऊ नये, आलो त्याच पावलांनी वीस-तीस मीटर मागे यावे. पिल्ले जन्मल्यावर एका दिवसातच घरटे सोडून स्वतः चरतात, पण त्यांना अंगात ऊब टिकवता येत नाही आणि नराच्या पंखाखाली वारंवार यावे लागते. थंड वाऱ्यात आपण नराला दहा मिनिटे दूर ठेवले तर पिल्लू गारठून मरू शकते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे पूर्णपणे टाळावे.

*सूचना: ब्रिटनमध्ये विणीच्या काळात या पक्ष्याला घरट्याजवळ मुद्दाम किंवा बेपर्वाईने त्रास देणे १९८१ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.*

१३. परतल्यावर

घरट्याची नेमकी जागा सार्वजनिक नोंदीत लिहू नये, तळ्याचे किंवा गावाचे नाव पुरते. छायाचित्रे तपासताना पक्ष्याच्या पायांकडे मुद्दाम पाहावे. धातूचे वा रंगीत कडे दिसले तर रंगांचा क्रम, डावा की उजवा पाय, आणि कडे सांध्याच्या वर आहे की खाली, हे लिहून त्या देशाच्या पक्षीवलय केंद्राला (पक्ष्यांच्या पायात कडी घालून नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) कळवावे. कडे अर्धेच वाचता आले असेल तर तेवढेच लिहावे, उरलेले अंदाजाने भरू नये. समुद्रावर पक्ष्याचे पाय पाण्याखाली असतात, त्यामुळे ही माहिती मिळण्याची संधी जवळजवळ फक्त तळ्याच्या काठावर, तो चिखलात उतरून चालू लागतो त्या क्षणीच येते. त्या वेळी चेहऱ्याचे एक छायाचित्र कमी काढावे आणि पायांचे दोन जास्त.